काल तुम्ही इथे उठला होतात

आमच्या नाटक कंपनीत तिला सगळे टिकटिकबाई म्हणत. हे नाव दिवेवाल्यानं ठेवलेलं. तो शिडीवर बसून साऱ्या जगाला नावं ठेवत असे. पियानोवर ती एक लाकडी लंबक ठेवायची आणि तालमीआधी त्याच्या ठेक्यावर बोटं मोकळी करून घ्यायची. टिक, टिक, टिक. आपल्याला काय म्हणतात ते तिला ठाऊक होतं. एकदा मला म्हणाली, "आक्का, निदान लंबक चुकत तरी नाही. तुमच्यातल्या कुणाबद्दल असं छातीठोकपणे सांगता येईल?"

मी उभा जन्म रंगमंचावर काढला, त्यामुळे वादकांच्या किती तऱ्हा असतात ते मी जवळून पाहिलंय. दारू पिऊन उत्तम वाजवणारे पाहिले, शुद्धीत असताना वाईट वाजवणारेही पाहिले. पण इतकी सरळ रेषेत चालणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. पियानो ती लहानपणी शिकली, एका करड्या मास्तरांकडे. ते पट्ट्यांवर टॉवेल टाकायचे आणि हात त्याच्याखाली घालून वाजवायला लावायचे. "डोळे कागदावर. हाताकडे बघतो तो चोर." आणि दुसरं वाक्य, ते तिच्या हाडीमाशी खिळलेलं: "आपलं काही घालायचं नाही. ज्यानं लिहिलंय त्याला तुझ्यापेक्षा जास्त कळत होतं." परीक्षा तिनं ओळीनं पहिल्या नंबरानं पास केल्या. पुढे संगीत शाळेत शिकवू लागली, आणि शिकवता शिकवता केस पांढरे झाले. मग पियानोला मुलंच येईनात. शाळेनं तो वर्ग बंद केला तेव्हा ती आमच्याकडे आली, गाण्यांच्या नाटकांना साथ करायला.

स्वरलिपीचा जो कागद समोर ठेवाल तो वाजवायची. दिवेवाल्यानं एकदा गंमत म्हणून कागद उलटा ठेवला, तर एका हातानं वाजवत दुसऱ्या हातानं तिनं तो सुलटा केला आणि सूर तुटू दिला नाही. पण एकदा एका पानावर कुणाचा तरी चहा सांडला होता. डागापाशी येऊन ती थांबली. नटी तोंड उघडं ठेवून उभी.

"काय झालं?" मी विचारलं.

"इथलं दिसत नाही."

"अहो, पुढचं-मागचं दिसतंय ना? मधलं घाला की जुळवून."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तिला कुणाच्या खिशात हात घालायला सांगितलं होतं.

तर अशा बाईच्या नशिबी आमचा नवा दिग्दर्शक आला. त्यानं बसवायला घेतलं ते नाटक एकपात्री, आणि त्यात एकही शब्द नव्हता. एक म्हातारी आपलं राहतं घर सोडून चालली आहे. कपाट आवरते, चादरीची घडी घालते, खुर्चीत बसते, उठते, खिडकीशी जाते. बस्स. म्हातारी मी. मेकअपची गरज नव्हती.

पहिल्या तालमीला टिकटिकबाई वेळेआधी येऊन बसली होती. पियानोवरचा स्टँड मोकळा.

"मॅडम, कागद नाहीत," दिग्दर्शक म्हणाला.

"उद्या येतील का?"

"येणारच नाहीत. आक्का जे करतील त्याला तुम्ही वाजवायचं."

"काय वाजवायचं?"

"सुचेल ते."

"कुणाला सुचेल ते?"

सगळे हसले. तिनं विनोद केलाच नव्हता.

"मॅडम, काहीही वाजवा हो."

"कुठल्या पट्टीत?"

"कुठल्याही."

"किती मात्रांचं?"

त्यानं डोकं धरलं. "मॅडम, पोहायला शिकताना पाणी किती लिटर आहे असं विचारतं का कुणी?"

"बुडताना विचारतात," शिडीवरून आवाज आला.

ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मी कपाट आवरलं, चादरीची घडी घातली, खिडकीशी गेले. पियानो मुका. एकदा तिनं हात वर नेले, बोटं पट्ट्यांवर टेकली, आणि विस्तव लागल्यासारखे मागे घेतले. मी नाटकात माणसं घाबरलेली पुष्कळ पाहिली आहेत, पण पियानोवर चार दशकं काढलेल्या बाईला पियानोची भीती वाटताना पहिल्यांदाच पाहत होते.

तालीम संपल्यावर दिग्दर्शकानं मला बोळात गाठलं. "आक्का, मी सरळ रेकॉर्डिंग लावतो. ध्वनिवाला तयार आहे. मॅडमना सांगा तुम्ही, तुमचं ऐकतात. दुसरीकडे कुठे जमेल त्यांचं."

"दुसरीकडे कुठे?"

तो मुलगा वाईट नव्हता, घाईत होता. शेवटी म्हणाला, "कंपनीच्या मालकीणबाई तालीम बघायला येणार आहेत पुढच्या महिन्यात. तोवर जमलं तर राहू द्या. नाही जमलं तर मशीन."

मी तिला आडपडदा न ठेवता सांगितलं. मेकअपच्या खोलीतल्या बेसिनशी ती कप विसळत होती. विसळून झाला तरी विसळतच राहिली.

"घरी मी वाजवत नाही, आक्का," ती म्हणाली. "पियानो आहे. पण त्याच खोलीत ताई झोपून असते, आणि भिंतीपलीकडचा माणूस रात्रपाळीचा, दिवसा झोपतो. तारांवर जाड कापड लावून ठेवलं आहे. बोटं चालतात, आवाज येत नाही. मी वाजवलेलं मला ऐकू येतं ते इथे." नळ बंद केला. "फक्त इथे."

मग काही दिवस तिनं तालमीत नुसतं पाहिलं. अगदी टक लावून. आणि एका दुपारी म्हणाली, "आज वाजवते."

काय वाजवलं तिनं! माझ्या हातात चादर उचलली गेली तसे वरचे सूर अलगद उचलले गेले. घडी बसली, सूर बसले. खुर्चीतून उठताना मी जरा रेंगाळते, तर तिचा हातही रेंगाळला, आता उठू का नको असं म्हणावं तसा. दिग्दर्शकाचे डोळे भरून आले. दिवेवाला शिडीवरून खाली उतरला, आणि तो जेवायलासुद्धा उतरत नसे. ध्वनिवाला तेवढा आपल्या वायरींकडे बघत बसला.

दुसऱ्या दिवशी माझा गुडघा सुजला.

चादरीपर्यंत ठीक होतं. खुर्चीत बसले, आणि उठताच येईना. सूर रेंगाळले, अगदी कालच्यासारखे, कालच्याच जागी, कालच्याइतकेच. मग उठले. सूर उठून खिडकीशी गेले आणि मी खुर्चीतच! म्हातारीला मागे टाकून तिचा आत्मा पुढे निघाल्यासारखा प्रकार. पियानो थांबला.

"आक्का," ती म्हणाली. आवाजात तक्रार होती, पण खरं म्हणजे भीती होती. "काल तुम्ही इथे उठला होतात."

"काल गुडघा बरा होता, बाई."

"मग आज मी काय करू?"

कुणी हसलं नाही. मला तेव्हा उलगडा झाला. घरी बसून तिनं माझी एकेक हालचाल आठवून सगळं लिहून काढलं होतं. लिहून पाठ केलं होतं. ते रेंगाळणंसुद्धा लिहिलेलं होतं, किती मात्रा रेंगाळायचं त्यासकट.

"अहो, पण न लिहिता वाजवायचं असं ठरलं होतं ना?" दिग्दर्शक म्हणाला.

"पान घरीच ठेवलंय मी," ती अगदी प्रामाणिकपणे म्हणाली. "मग न लिहिलेलंच झालं की."

दिग्दर्शकानं ध्वनिवाल्याकडे पाहिलं. तिनं ते पाहिलं. झाकण लावलं आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही.

मग मीच गेले. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. माझ्या गुडघ्यानं मला वाटेत काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्याजोगं नाही. एकच मोठी खोली. एका भिंतीला पलंग, एका भिंतीला पियानो, मधे औषधांचं टेबल. पियानोवर धुतलेल्या चादरी रचलेल्या. पलंगावर ताई, तिची थोरली बहीण. अंगात त्राण नाही, पण जीभ शाबूत.

"या. तुम्हीच त्या न बोलणाऱ्या?" ताई म्हणाली. "आमच्याकडे उलटं आहे. मी बोलते, ही गप्प."

"ताई, अगं पाहुण्या आहेत त्या."

"म्हणून तर सांगते. धाकटे, उशी. तशी नव्हे. हां." मग मला, "हिला लहानपणी खेळायला सोडलं तर विचारायची, कुठे उभी राहू? हिला म्हणे मनानं वाजवायचंय! मन कुठे ठेवलंय ते तरी आठवतंय का, विचारा."

धाकटीनं उशी पुन्हा सारखी केली. ताईला पलंगावरून खुर्चीत बसवायची वेळ झाली होती. मी मदतीला पुढे झाले तर मानेनंच नको म्हणाली. एक हात पाठीखाली, एक गुडघ्याखाली. ताईचा श्वास अडकला तशी थांबली. ताईची मान कलली तशी खांदा पुढे केला. अर्ध्यावर पुन्हा थांबली, भार दुसरीकडे घेतला, मग उतरवलं. रोज निराळं होतं म्हणे. कधी पाय आखडतो, कधी रडू येतं, कधी अंगात वारं शिरावं तशी शिव्या देते.

ताई डुलक्या घेऊ लागली तेव्हा आम्ही दारापाशी उभ्या राहिलो. मी तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "ठाऊक आहे काय म्हणणार ते. हे जसं करता तसंच तिथे करा. हो ना? नका म्हणू, आक्का. दमले मी." भिंतीला टेकली. "सकाळपासून मीच ठरवते. आता खायला काय, आता डॉक्टरला बोलवू की थांबू, आता ही खरंच रडते आहे की मला छळते आहे. कुठे काही लिहिलेलं नाही. तिथे येऊन बसले की समोर कागद. सगळं कुणीतरी आधी ठरवून ठेवलेलं. मी नुसतं वाजवायचं. तेवढीच माझी विश्रांती होती हो. आता तीही काढून घेताय."

इतक्या वर्षांत तिच्या काटेकोरपणाची आम्ही थट्टा केली. ती बाई कागदावर पाठ टेकत होती हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"मशीन लावू द्या मग," मी म्हणाले.

तिनं माझ्यासाठी दार उघडलं. "उद्या येते," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तालमीच्या हॉलमध्ये आम्ही दोघीच. नव्या नटांना आम्ही एक खेळ देतो: एकच शब्द घेऊन भांडायचं. एकजण वाटेल ते बोलतो, दुसऱ्याला फक्त 'नाही' म्हणता येतं. मी तिला सांगितलं, एक पट्टी निवडा. तिनं मधली निवडली.

"मी बोलते, तुम्ही तिनंच उत्तर द्या. दुसरीला हात लावायचा नाही." म्हणजे काय वाजवायचं हा प्रश्नच मिटला. तिला जरा हायसं वाटलेलं दिसलं.

"आज उशीर केलात," मी म्हणाले.

टिंग.

"सगळे चौकशी करत होते."

टिंग.

"बाई, ही दारावरची घंटा आहे का? भांडा की!"

टिंग. थोडं मोठं, पण माफी मागितल्यासारखं.

मग मी वर्मावर बोट ठेवलं. "ध्वनिवाल्याचं मशीन बरं. ते दमत नाही."

काही नाही. आणि मग असा ठोसा दिला तिनं पट्टीवर, की पियानोच्या पोटातून धूळ उडाली असेल.

"आणि मशीनला घरी पलंगावर बहीण नसते."

म्हटलं आणि जीभ चावली. ती तशीच बसली होती, पाठ माझ्याकडे. मग तिनं तीच पट्टी इतकी हळू दाबली की मला ती नीट ऐकूही आली नाही. बोट उचललं नाही. सूर विरत गेला, विरत गेला, संपला, तरी उचललं नाही. ह्यावर मला पुढचं वाक्य येईना.

"आता तुम्ही थांबलात," ती म्हणाली.

"तुम्ही थांबवलंत."

तिनं आपल्या बोटाकडे पाहिलं. टॉवेल नव्हता वर.

मग दोन पट्ट्या, मग चार. फार सावकाश. दर थोड्या वेळानं म्हणायची, "चुकलं."

"कशावरून? काय लिहिलं होतं तिथे?"

विचार करायची. "काहीच नाही."

"मग?"

"तरी चुकलंच."

ते मात्र खरं असायचं. लिहिलेलं नसलं तरी काही सूर चुकतात, हे तिचा कान मला शिकवत होता. पुढे तिनंच उपाय काढला: चुकलं की तोच सूर पुन्हा घ्यायचा, पुन्हा घ्यायचा, तो तिथला रहिवासी वाटेपर्यंत. मी तिला आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली. खुर्चीतून उठण्याआधी माणसाची टाच मागे जाते. तोंड बघू नका, तोंड खोटं बोलतं, टाच बघा. तिनं दिवेवाल्याला हाताशी घेऊन पियानो ढकलून तिरका करून घेतला, माझे पाय दिसतील असा. त्यानं वर जाताना विचारलं, "आता लंबक कशाला? आक्कांची टाच आहे की." ती चक्क हसली. पण रोज तालमीनंतर तिचा चेहरा असा व्हायचा, जणू कुणीतरी ओझं खाली ठेवायला विसरलंय. पूर्वी हात दुखायचे, आता कुठे दुखतं ते सांगता येत नाही, म्हणायची.

मालकीणबाई आल्या त्या दुपारी खांद्यावर शाल, हातात चष्म्याची पेटी. पहिल्या रांगेत बसल्या. ध्वनिवाल्याचं मशीन कोपऱ्यात तयार होतं.

कपाट ठीक झालं. चादरीला तिनं डाव्या हातानं तेच तेच घोळवलं. दमलेली होती, मला कळलं. ताईनं सकाळी छळलं असणार. मी खुर्चीत बसले. उठायची वेळ आली, टाच मागे घेतली, सूर गोळा झाले. गुडघ्यानं नाही म्हटलं. सूर तिथेच थांबले, खालचा एक नुसता धरून. मी पुन्हा टाच ओढली. पुन्हा नाही. आता हे नाटक नव्हतं. कपाळावर घाम आला होता. तिसऱ्यांदा टाच मागे गेली तेव्हा तिनं दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. हॉलमध्ये कसलाही आवाज उरला नाही. त्या शांततेत मी उठले. हाडाचा आवाजसुद्धा ऐकू गेला असेल.

खिडकीशी पोचले, आणि आता तिला कुठून सुरू करावं ते कळेना. हात पडला तो भलत्याच पट्टीवर. तिचे ओठ हलले, 'चुकलं'. पण थांबली नाही. तोच सूर पुन्हा, पुन्हा, जरा हळू, मग त्याला खालून एक आधार दिला. शेवटपर्यंत तो आमच्यासोबत राहिला. फार थोर काही झालं असं मी म्हणणार नाही. मधे मधे सपक होतं. पण ते माझ्या पायांचं होतं.

मालकीणबाईंनी चष्मा काढला. "मधे वाजवायचं विसरल्या का त्या?"

"नाही, ते तसंच आहे," दिग्दर्शक घाईनं म्हणाला.

"बरं. मला वाटलं विसरल्या. आवडलं ते." मग तिच्याकडे वळून, "उद्याही असंच वाजवाल ना?"

हॉलमधले सगळे तिच्याकडे बघत होते. 'हो' म्हणायला काय लागतं? मी असते तर तीनदा म्हटलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "उद्या कसं येईल मला ठाऊक नाही. वाईटही येईल."

"आणि ह्यांचा गुडघा?"

"त्याचंही काही सांगता येत नाही," मी म्हणाले.

मालकीणबाईंनी आम्हा दोघींना एकदा खालपासून वरपर्यंत पाहून घेतलं. "मग मशीन कशाला? ते काही ह्यांच्या गुडघ्यासाठी थांबणार नाही. दोघींना जोडीनंच ठेवा. पडाल तर जोडीनं पडाल." शाल सावरून उठल्या.

ध्वनिवाला वायरी गुंडाळताना पुटपुटला, "मला कुणी विचारतच नाही." दिग्दर्शक त्याला चहा पाजायला घेऊन गेला. हॉल रिकामा झाला.

मी तिच्याजवळ जाऊन स्टुलावर टेकले. तिला काही आनंदबिनंद झालेला दिसत नव्हता. पाठ वाकवून बसली होती, हात मांडीत.

"म्हणजे रोज असंच?" तिनं विचारलं.

"खेळ चालेल तोवर."

"घरीही मीच ठरवायचं. आणि इथेही मीच."

"हो, बाई."

तिनं मान हलवली, रागानं नव्हे. मग पिशवी पुढ्यात ओढली, आतून छापील स्वरलिपीची एक जुनी पुस्तिका काढली, कोपरे गोल झालेली, आणि मोकळ्या स्टँडवर उघडून ठेवली. "बसणार आहात ना जरा?" म्हणाली. मी बसलेच होते. तिनं चष्मा लावला आणि वाजवायला सुरुवात केली, डोळे कागदावर, एकही सूर इकडचा तिकडे न करता. पान संपलं की उलटत होती. शिडीवरून एकेक दिवा विझत गेला. पियानोवरचा तेवढा दिवेवाल्यानं राहू दिला.